दाणा दुधात आहे, आधी पाखरू ओळखा

मुरबाड-शहापूर पट्ट्यात हळवं (लवकर पिकणारं) भात निसवलंय, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यात. बाकीची कामं मागे पडली तरी चालतील, पण सूर्य उगवल्यापासून दोन तास बांधावर राहा. दरवर्षी तेच बघतो: लोंब्या पांढऱ्या दिसल्या की माणूस पाखरू न बघताच औषधाच्या दुकानात.

आधी लोंबी हातात घ्या. अख्खी पांढरी, ताठ आणि ओढताच सुटून आली तर ते पळींज, खोडकिड्याचं. आता कितीही महाग औषध मारलं तरी ती लोंबी भरणार नाही, दुकानदार काहीही सांगो. मोजकेच दाणे चिरडलेले आणि तुसावर वाळलेल्या दुधाचा डाग असेल तर पाखरं आहेत, बहुतेक मुनियाच.

ठिपकेवाली मुनिया चिमणीहून लहान. पाठ तपकिरी, चोच जाड काळपट, पांढुरक्या पोटावर खवले. यंदाची पिल्लं मात्र नुसती मातकट, म्हणून ‘चिमण्याच आहेत’ म्हणत लोक सोडून देतात. चिमणी घरांजवळच्या खाचरात येते. मुनियांचा थवा गवताळ बांधावरून उतरतो, हाकलला की दोन खाचरं पुढे बसतो. सुगरणीची मादीही चिमणीसारखीच दिसते. जवळच्या बाभळीवर, ताडावर लोंबती घरटी आहेत का बघा. पोपट तर लोंबीच तोडून नेतो.

यांना हाकलू नका:
- कोतवाल: काळा, दुभंगलेली शेपटी, तारेवरून किडे टिपतो
- वेडा राघू: हिरवा असला तरी पोपट नव्हे, किडे खातो
- गायबगळा
- पिंगळा, गव्हाणी घुबड (उंदरांसाठी)

अळ्यांसाठी लावलेले पक्षिथांबे निसवल्यावर काढा, नाहीतर मुनियेला आयती बैठक मिळते. चकाकती फीत पिकाच्या अर्धा मीटर वर, 5-5 मीटर अंतराने ताणा. माझा अंदाज विचाराल तर बुजगावणं एका जागी ठेवलं की पाखरं दोन-तीन दिवसांत त्याला जुमानत नाहीत. जागा बदला, मधूनच डबा वाजवा. ज्याचं खाचर आधी निसवतं त्याच्यावरच थवा पडतो, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून राखण वाटून घ्या. विषारी दाणे टाकू नका. विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडंही मरतात आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा होतो तो वेगळाच.

बाकी:
- बांधावरचं गवत काढा
- दाणे भरेपर्यंत पाणी राखा
- कापणीआधी 8-10 दिवस खाचरातलं पाणी काढून टाका

परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत आला की पीक आडवं पडतं आणि पडलेल्या भातावर पाखरं आधी उतरतात. अशी खाचरं सकाळी पहिली बघा, दाणा पिकला असेल तर तीच आधी कापा.