काळ्या मातीत फुटिंग (पाया) टाकायच्या आधी एसबीसीची (मातीच्या सुरक्षित भारक्षमतेची) तयारी

पुण्यात दोन मीटरवर मुरूम लागणारच असं सगळे गृहीत धरतात आणि बऱ्याच ठिकाणी लागतोही, पण मांजरी-थेऊरकडे नदीकाठाला किंवा कालव्याखालच्या बागायतीत प्लॉट असेल तर काळी माती बरीच खोल निघू शकते, आणि तिथे एसबीसीचा आकडा शेजारच्या साइटवरून उचलू नका प्लीज.

आधी पाणी बघा. जवळच्या विहिरीला पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं ते तिथल्याच माणसाला विचारा. मे महिन्यात ही माती कडक आणि भेगाळलेली असते, तेव्हाच्या सॅम्पलची ताकद ऑगस्टमध्ये मिळत नाही, म्हणून बोअर (माती तपासायचं भोक) पावसाळ्याच्या शेवटी घ्या नाहीतर सॅम्पल सॅच्युरेट करूनच (पाण्याने पूर्ण भिजवूनच) टेस्ट करा असं लॅबला लेखी द्या.

बोअर फुटिंगच्या तळाखाली निदान रुंदीच्या दुप्पट तरी जाऊ दे. एसपीटीत (नळी हातोड्याने ठोकून करायच्या टेस्टमध्ये) वर आलेली माती ओळखायला ठीक आहे, पण ताकद काढायला पातळ ट्यूबमधलं अनडिस्टर्ब्ड (रचना न बिघडलेलं) सॅम्पल लागतं, दोन्ही तोंडं मेणाने बंद केलेलं, आणि ते टेम्पोत आदळत-आपटत नेलं तर सगळी मेहनत वाया. माती खूपच मऊ असेल तर जागेवरच वेन शिअर (मातीत पाती फिरवून ताकद मोजायची टेस्ट) करून घ्या.

रिपोर्ट आला की दोन गोष्टी तपासा. यूसीएसचा (बाजूने आधार न देता सॅम्पल दाबून फोडायच्या टेस्टचा) आकडा असेल तर सीयू (मातीची शिअर, म्हणजे घसरण्याविरुद्धची ताकद) त्याच्या निम्मा, हे निम्मं करायचं राहिलं की एसबीसी सरळ दुप्पट दिसते. आणि यूयू टेस्टमध्ये (पाणी बाहेर जाऊ न देता बाजूने दाब देऊन केलेल्या) फाय (घर्षणाचा कोन) सात-आठ डिग्री दाखवला असेल तर सॅम्पल बहुतेक पूर्ण सॅच्युरेट झालेलं नाही, परत विचारा, कारण पूर्ण भिजलेल्या क्लेला (चिकणमातीला) या टेस्टमध्ये फाय शून्यच यायला हवा.

पुढचं गणित सोपं आहे. स्केम्प्टनने 1951 मध्ये दिलेलं सूत्र मला या मातीसाठी सगळ्यात सरळ वाटतं: एनसी (सीयूला गुणायचा फॅक्टर) म्हणजे 5 गुणिले (1 + 0.2 डी/बी) गुणिले (1 + 0.2 बी/एल), यात डी खोली, बी रुंदी, एल लांबी. समजा फुटिंग 2 मीटर चौरस, खोली 1.5 मीटर, सीयू 40 केपीए (किलोपास्कल), तर एनसी 6.9, नेट अल्टिमेट (माती फेल होण्याचा दाब, एनसी गुणिले सीयू) 276 आणि 3 च्या सेफ्टी फॅक्टरने 92 केपीए, म्हणजे साधारण 9 टन प्रति चौरस मीटर. आयएस 6403 (भारक्षमतेचं भारतीय मानक) ने पण करून बघा, आकडे थोडे वेगळे येतील, कमी येईल तो धरा. आणि वाळूत रुंदी वाढवली की एसबीसी वाढते तसं इथे होत नाही हां, रुंदी वाढवून फक्त एरिया वाढतो, दर चौरस मीटरची ताकद तेवढीच राहते, उलट डी/बी कमी झाल्याने किंचित घटते.

हे झालं शिअरचं, पण क्लेमध्ये खरा निर्णय बऱ्याचदा सेटलमेंटच (पाया खचणं) करतं, म्हणून कन्सॉलिडेशन टेस्टचे (दाबाखाली माती किती दबते ते बघायच्या) पैसे वाचवू नका. आयएस 1904 प्लास्टिक क्लेवरच्या सुट्या आरसीसी फुटिंगला 75 मिमी पर्यंत मुभा देतं, त्यात बसत नसेल तर दाब कमी करा. सोबत फ्री स्वेल इंडेक्सही (माती पाण्यात किती फुगते तो आकडा) मागवा, तो जास्त आला तर हलक्या बंगल्याला एसबीसी पुरूनही फुगण्याने भिंती तडकतात, तेव्हा अंडर-रीम्ड पाइलचा (खाली फुगीर तळ असलेल्या खांबासारख्या पायाचा) विचार डिझायनरसोबत आत्ताच करून ठेवा, खोदाईची ऑर्डर जायच्या आधी.