समुपदेशनात ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसशास्त्र यांची सांगड कशी घालावी

नैराश्याने खचलेली ख्रिस्ती व्यक्ती समुपदेशकाकडे येते, तेव्हा बहुधा ती आधी पाळकसाहेबांना भेटलेली असते, उपास-प्रार्थनाही करून झालेल्या असतात, आणि तरीही मन उभारी धरत नाही म्हणजे आपला विश्वासच कमी पडला, असा निष्कर्ष तिने स्वतःच काढलेला असतो. समुपदेशक स्वतः ख्रिस्ती असेल, तर चटकन बायबलमधील एखादे वचन सांगून धीर देण्याचा मोह त्याला होतो. तो आवरावा. वचन खरे असते, पण ऐकून घेण्याआधी सांगितलेले वचन समोरच्याला गप्प करते.

पहिल्या भेटीत मूल्यमापन पूर्ण करावे: झोप, भूक, कामातील लक्ष, हे किती आठवड्यांपासून चालले आहे, थायरॉइडची तपासणी झाली आहे का. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवावी, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याजवळ द्यावा.

यानंतर श्रद्धेची चौकशी करावी. देवाविषयी सध्या काय वाटते, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणाचा आधार आहे, कोणाचे बोलणे लागले आहे, आणि या भेटींत प्रार्थनेला जागा हवी आहे का, हे तिच्याच तोंडून ऐकावे. ‘नको’ असे उत्तर आले, तर ते कसलीही नाराजी न दाखवता स्वीकारावे. अन्य भाषांत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी शब्दांत, प्रार्थना करणे किंवा दीर्घ उपास धरणे एवढ्यावरून आजाराचे निदान करू नये. समाजात रूढ असलेल्या धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलमही सांगते.

श्रद्धेला जागा हवी असेल, तर पवित्र शास्त्रातील विलापापासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवून त्याला जेवू घालतो, पुन्हा झोपू देतो आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगतो. झोप, जेवण आणि थोडी हालचाल यांचे वेळापत्रक आखण्यापूर्वी हा उतारा एकत्र वाचला, तर तेच वेळापत्रक अविश्वासाची कबुली वाटेनासे होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आले आहे. ते वाचून स्वतःचे गाऱ्हाणे देवापुढे चार-पाच ओळींत लिहायला सांगावे. शेवटी आभार मानण्याची सक्ती करू नये. लिहिणे ज्यांना जमत नाही, अशा वयस्कर आजींना रेव्हरंड टिळकांची पाठ असलेली पदे म्हणायला सांगणे अधिक सोयीचे पडते.

मंत्रचळाच्या (ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती) बाबतीत मात्र शास्त्रवचनाचे हेच साधन उलटू शकते. एकाच पापाची कबुली दिवसभर देत राहणारा माणूस क्षमेचे वचन ऐकून तासभर शांत होतो आणि पुन्हा विचारतो, ‘प्रभूने मला खरोखर क्षमा केली असेल ना?’ प्रत्येक दिलासा त्या चक्राला खतपाणी घालतो. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे हाच छळ सोसला होता, आणि तेथील पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना अगदी स्पष्ट नसलेली जुनी पापे पुन्हा सांगू नयेत, असे बजावले होते. आजच्या उपचारपद्धतीतही शंका मनात राहू देऊन कबुलीची कृती टाळण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करून घेतला जातो. म्हणून रुग्णाच्या लेखी संमतीने पाळकांशी बोलावे आणि ‘याविषयी आपले बोलणे झाले आहे’ एवढेच एक उत्तर दोघांनी ठरवून घ्यावे. औषधे चालू असतील, तर ती केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच कमी होतील, हेही पाळकांना स्पष्ट सांगावे. आरोग्यसभेनंतर, म्हणजे आजार बरे होण्यासाठीच्या प्रार्थनासभेनंतर, गोळ्या एकाएकी बंद केल्याने आजार उलटतो.

क्षमेचा विषय घाईने काढू नये. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमा करायला सांगण्याआधी तिच्या सुरक्षिततेची सोय लावावी, कारण क्षमा करणे आणि त्याच घरात परत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते प्रकरण मंडळीच्या कमिटीत मिटवता येत नाही.

आपल्या मंडळ्या लहान आहेत. अहिल्यानगर किंवा पुण्यातील एखाद्या चर्चमध्ये समुपदेशक आणि येणारी व्यक्ती एकाच बाकावर बसत असण्याचा, किंबहुना नात्यातले असण्याचाही संभव असतो. जवळचे नाते असेल, तर दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे. केवळ ओळख असेल, तर रविवारी भेटल्यावर आपण स्वतःहून हा विषय काढणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे, आणि घरगुती उपासनेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही त्या व्यक्तीचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा तपशील आपल्या तोंडून जाऊ देऊ नये.