साइटवर सेफ्टीत येणाऱ्यांसाठी

औद्योगिक सुरक्षेची पदविका करून बांधकामाच्या साइटवर लागू पाहणारी मुलं-मुली भेटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न नेबॉशबद्दल असतो. ती ब्रिटनची सेफ्टीची परीक्षा. आखातात जायचं असेल तर जरूर करा. इथल्या नोकरीसाठी आपल्या तंत्रशिक्षण मंडळाची किंवा शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेची पदविका हवी. कागदांचं एवढंच. साइटवर लागल्यावर काय बघायचं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

पुण्यातल्या साइट्सवर काम करून माझं एक मत पक्कं झालंय. कामगार नियम मोडताना दिसला की ओरडायच्या आधी त्याला कारण विचारा. बहुतेक वेळा त्याच्या उत्तरातून साइटचीच उणीव समोर येते.

एकदा बाहेरच्या बाजूचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) खोलणाऱ्या एका मुलाच्या अंगावर सेफ्टी बेल्ट होता, पण दोन्ही हुक कमरेलाच लोंबत होते. सुपरवायझरने दंड लिहायला घेतला. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, "हुक लगाएँ कहाँ, साहब?" वर पाहिलं, तर लाइफलाइन, म्हणजे बेल्टचा हुक अडकवायचा दोर, नव्हतीच. हुक अडकवायला परांचीचा आडवा पाइप होता खरा, पण तोच पाइप त्याला थोड्या वेळाने खोलायचा होता. काम थांबवलं, वरच्या मजल्यावरच्या पक्क्या कॉलमना वायररोप ताणून बांधला आणि मगच त्याला वर पाठवलं. दंड अर्थातच रद्द.

ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, काढलेलं दिसलं तरी असंच. चार इंची मशीनला पाच इंची डिस्क लावली की गार्ड बसतच नाही. मोठी डिस्क कमी वेगासाठी बनवलेली असते आणि छोट्या मशीनवर ती फुटू शकते. स्टोअरमध्ये योग्य मापाची डिस्क आहे का, ते आधी बघा.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ भोकांना द्या: कटआउट (पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेली जागा), डक्ट (पाइप-वायरींची उभी पोकळी), लिफ्टची शाफ्ट. नुसता प्लाय टाकून झाकलेलं भोक उघड्या भोकापेक्षा घातक असतं. कामाचा प्लाय दिसला म्हणून एखादा बिगारी तो दोन्ही हातांनी उचलतो, प्लाय डोळ्यांसमोर आडवा येतो आणि बिगारी सरळ पुढे, भोकात पाऊल टाकतो. म्हणून छोट्या कटआउटमधली सळ्यांची जाळी स्लॅब भरताना तशीच ठेवायला सांगा, पाइपलाइन टाकायची वेळ आली की मगच कापायची. वरचा प्लाय खिळ्यांनी ठोका, त्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'खाली भोक आहे' असं मराठी-हिंदीत लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लाल रंगाचा अर्थ सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सेफ्टी बैठकीत सांगा, आणि तो त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

खोदकामात दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना उतार द्या, नाहीतर आधार द्या. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते; छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला श्वाससुद्धा घेता येत नाही. पाऊस पडून गेला की खड्डा स्वतः तपासल्याशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नका.

सेफ्टी म्हणजे कामाच्या तासांपुरती, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. 29 जून 2019 च्या पहाटेआधी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि मुलांसह 15 जण गेले. त्या वेळी कुणीही कामावर नव्हतं, माणसं झोपेत होती. त्यामुळे रुजू झालात की लेबर कॅम्प बघून या. झोपड्या कुठल्या भिंतीखाली आहेत, वायरी कशा ओढल्यात, पाणी कुठून येतं, मुलं दिवसभर कुठे असतात, सगळं बघा.

आरोग्याकडे तर जवळपास कुणाचंच लक्ष नसतं. क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं) साचलेलं पाणी, उघडे ड्रम, लिफ्टचा खड्डा, या सगळ्यांत मलेरियाचे डास वाढतात. ओल्या काँक्रीटमध्ये गमबुटाशिवाय उभं राहिलेल्या माणसाची कातडी भाजते. आणि रोजंदारीवरचा माणूस ताप लपवतो, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. सकाळी परांचीवर चढणाऱ्यांचे चेहरे नीट पाहा. अंगात ताप असलेला माणूस त्या दिवशी खालच्या कामावर ठेवा, आणि त्याची हजेरी पूर्ण लागेल हे मुकादमाशी बोलून पक्कं करा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 कामगारांच्या आस्थापनेला सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता. 2020 च्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेने ती मर्यादा 250 वर आणली. 18 ते 60 वयाच्या, वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. अडतं ते 90 दिवसांच्या दाखल्यावर. तो ठेकेदाराकडून मिळवून देणं तुमच्या कामाच्या यादीत कुणी लिहिणार नाही, तरी करा.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी एक विचारा: धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार मला लेखी मिळेल का, आणि मी कुणाला रिपोर्ट करायचं? प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखालीच राहावं लागणार असेल, तर स्लॅब भरायच्या घाईच्या दिवशी तुमचं 'थांबा' कितपत चालेल, याचा अंदाज तिथेच घ्या.