उत्तर बरोबर, कारण चूक: विज्ञानाचे पेपर तपासायला शिकताना

नववीची धाराविद्युतवरची घटक चाचणी होती. प्रश्न साधा होता: दोन सारखे बल्ब सेलला एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक, लावले, तर कोणता जास्त उजळेल? जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘दोन्ही सारखेच’ असं लिहिलं. मी पूर्ण गुण दिले, आणि यंदा हा पाठ छान झाला असं घरी सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी पेपर घेऊन आली. “बाई, माझा अर्धा मार्क का कापला?” तिने आकृतीत धारेची दिशा दाखवली नव्हती, म्हणून. पण आपल्याला सगळं येतं हे तिला मला पटवायचं होतं, म्हणून ती समजावून सांगायला लागली. सेलमधून वीज निघते, अर्धी पहिला बल्ब घेतो, उरलेली दुसरा घेतो, म्हणून दोन्ही सारखे. मी विचारलं, “मग सेलकडे परत काय जातं?” “काहीच नाही बाई, संपली ना.”

तिचं उत्तर बरोबर होतं, आणि त्यामागची समजूत पूर्ण चुकीची. माझ्या लाल पेनाला ते दिसलंच नव्हतं.

त्याच तासाला मी फळ्यावर तोच परिपथ काढला आणि तीन अमीटर (धारा मोजणारी उपकरणं) दाखवले: पहिल्या बल्बाआधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्या बल्बानंतर. पहिला ०.३ अँपिअर दाखवतो, बाकीचे दोन किती दाखवतील? चिठ्ठ्या गोळा केल्या. कितीतरी मुलांनी ०.३, ०.१५ आणि ० असं लिहिलं होतं. त्यात चाचणीत पूर्ण गुण मिळवणारेही होते. तिन्ही ठिकाणी ०.३ च, कारण एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखी असते. हे वाक्य त्यांना पाठ होतं, मागच्याच आठवड्यात वहीत लिहून घेतलेलं.

नव्याने विज्ञान शिकवायला लागलेल्यांना मला आधी हेच सांगायचं आहे. बरोबर उत्तर म्हणजे समज नव्हे. तुम्ही म्हणाल, हे बी.एड.मध्ये ऐकलंय. मीही ऐकलं होतं. ऐकणं वेगळं आणि पन्नासच्या वर पेपर समोर असताना, रात्री दहा वाजता, ‘सारखेच’ हा शब्द दिसल्यावर हात थांबवणं वेगळं. डोळे तो शब्द शोधत असतात. सापडला की टिक. मूल त्या शब्दापर्यंत कुठल्या रस्त्याने आलं, हे आपण बघतच नाही.

या उदाहरणात तर आणखी एक गाठ आहे. ‘अर्धं अर्धं होतं’ हे मुलांचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. दोन सारखे बल्ब एकसर असले, तर विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, खरोखरच निम्मं निम्मं वाटलं जातं. मुलं म्हणतात ‘वीज’. आता आपल्या भाषेत वीज म्हणजे काय काय? आकाशात कडाडते ती वीज, तारेतून वाहते ती वीज, बिलात मोजतात तीही वीज. पुस्तकात धारा, विभवांतर, ऊर्जा आणि शक्ती वेगवेगळी असतात, घरी सगळ्यांना एकच शब्द. म्हणून ‘चूक’ म्हणून खोडण्याआधी विचारा: काय अर्धं झालं? धारा, विभवांतर की आणखी काही? या एका प्रश्नाने मला जेवढं कळलं, तेवढं अख्ख्या प्रश्नपत्रिकेने कळलं नव्हतं.

याची उलट बाजूही तेवढीच धोक्याची. एक मुलगा होता, वडील वायरमन. उत्तरात त्याने लिहिलं होतं, ‘लाईट जेवढी जाते तेवढीच परत येते, बल्ब तिचा दम घेतो.’ धारा नाही, ऊर्जा नाही, पाठ्यपुस्तकातला एकही शब्द नाही. मी शून्य दिलं. नंतर ते वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की वर्गातलं सगळ्यात बरोबर उत्तर तेच होतं. धारा टिकते, ऊर्जा दिली जाते. मी त्याच्याकडे जाऊन गुण बदलले, पण त्याचा चेहरा आधीच पडलेला होता. ते मला अजून लागून राहिलंय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला ‘मार्गदर्शन’ केलं होतं: उत्तरातले अधोरेखित करण्यासारखे शब्द बघायचे आणि गुण द्यायचे, वेळ वाचतो. वेळ वाचतो हे खरं. पण असा सल्ला देणाऱ्यापेक्षा स्वतःच्या वर्गात तुम्हाला मागच्या बाकावर बसू देणारा शिक्षक शोधा. तो मुलांना ‘का?’ विचारल्यावर किती वेळ गप्प राहतो, ते बघा. मी तिथेच शिकले. आणि गाईडांमधल्या तयार प्रश्नसंचांवरून चाचणी काढू नका. ते प्रश्न मुलांनी आधीच सोडवलेले असतात; तुम्ही समज तपासत नाही, पाठांतर तपासता.

मी आता काय करते? घटक चाचणीत प्रत्येक घटकाचा निदान एक प्रश्न जोडप्रश्न असतो. आधी उत्तर, मग ‘असं का वाटतं ते तुमच्या शब्दांत लिहा’. उत्तराला १ गुण, कारणाला २. ‘तुमच्या शब्दांत’ हे मी फळ्यावर लिहून मोठ्याने वाचून दाखवते, कारण सुरुवातीला मुलांना ते सापळ्यासारखं वाटतं. बोर्डाच्या पेपरात आपल्या हातात काही नसतं. पण आठवीपर्यंत २०१० पासून आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या तपासणीत, तोंडीकाम आणि प्रयोग आहेतच, तिथे भरपूर जागा आहे.

गुरुत्वाकर्षणात शब्दांपेक्षा चित्र काढून घ्या. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्यावरची बलं बाणांनी दाखवा, असं सांगा. हवेचा विरोध सोडला तर एकच बाण, खाली. पण मुलं वरच्या दिशेने एक ‘हाताचं बल’ काढतात, जे चेंडू हातातून सुटल्यावर उरतच नाही. किंवा गोल पृथ्वी काढून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे माणसं उभी करा आणि हातातला दगड सोडला की कुठे जाईल ते काढायला सांगा. दक्षिणेकडच्या माणसाचा दगड पानाच्या खालच्या कडेकडे गेला, तर त्या मुलासाठी ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

दहावीत मला सर्वांत जास्त हादरवलं ते एकाच पेपरातल्या दोन उत्तरांनी. गणितात मुलाने ४०० किलोमीटर उंचीवर जी चं, म्हणजे गुरुत्व त्वरणाचं, मूल्य काढलं: सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्र, एकक, सगळं चोख. पुढच्याच प्रश्नात, अंतराळवीर यानात का तरंगतात? ‘कारण अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते.’ जमिनीवर ९.८, तिथे ८.७, म्हणजे जवळपास नऊ दशांश शिल्लक आहे, आणि हे त्यानेच स्वतः काढलंय! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक याच उंचीच्या आसपास फिरतं. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये तिथे गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना तरंगताना पाहिलं. ते आणि स्थानक दोन्ही पृथ्वीकडे सतत पडत असतात, पण आडवा वेग एवढा असतो की पडता पडता पृथ्वीभोवती फिरत राहतात. म्हणून गणित आणि स्पष्टीकरण एकत्र विचारा. ‘वरचं उत्तर वापरून पुढचं लिहा’ एवढी एक ओळ पुरते.

वजन आणि वस्तुमान यांवर मी फारसं अडत नाही. बाजारात ‘वजन दोन किलो’ म्हणणारच ते. चंद्रावर नेलं तर काय बदलेल आणि काय नाही, हे सांगता आलं की पुरे.

ऊर्जेबद्दल एकच. नियम म्हणायला लावू नका. घरंगळणारा चेंडू थांबला, त्याची ऊर्जा कुठे गेली, हे विचारा. ‘संपली’ हे उत्तर ‘ऊर्जा नष्ट होत नाही’ हा अक्षय्यतेचा नियम घडाघडा म्हणणाऱ्यांकडूनही येतं. लाईट बिल आणून युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल हे दाखवायला छान आहे, पण मुलांना बिल आणायला सांगू नका. काहींच्या घरी थकबाकी असते, मुलं ओशाळतात. शाळेचं बिल वापरा.

आणि अवकाश तपासायचं तर संकष्टीवर विचारा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं बरीच मुलं मानतात. ग्रहण आणि कला एकत्र मिसळलेल्या असतात. मी विचारते: शुद्ध अष्टमीला दुपारी चंद्र आणि सूर्य दोन्ही आकाशात दिसतात, मग पृथ्वीची सावली कुठे पडली असेल? मग: संकष्टीला उपास सोडायला रात्री नऊ-साडेनऊ का होतात? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास, तिथून चार दिवस मोजले की जमतं. घरी आजीचा उपास असलेली मुलं इथे पुढे येतात, एरवी मागे बसणारी.

पहिल्या वर्षी हे सगळं जमणार नाही. अजिबात वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या वर्गाशी एकेक करून बोलायला वेळ कुणालाच नसतो. प्रत्येक चाचणीनंतर पाचच मुलांना जवळ बोलवा, दोन पूर्ण गुणवाली नक्की घ्या. आणि वर्णनात्मक नोंदीत ‘विज्ञानात रस घेतो’ असं लिहू नका, त्याने पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. माझ्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे होतं: ‘एकसर परिपथात धारा बल्बमध्ये संपते असे मानते.’ अमीटर लावून दाखवल्यावर तिने आधी मीटर बिघडलंय म्हटलं, म्हणून मी दुसरा आणला. तोही ०.३. त्या दिवशी तिला पटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तोच प्रश्न तीन बल्ब लावून विचारला, तेव्हा तिने तिन्ही अमीटरांखाली एकच आकडा लिहिला आणि शेजारी, न विचारता, विभवांतराचे तीन भाग करून दाखवले.