मुखडा सोड, मधलं म्युझिक पकड : घरबसल्या सॅम्पलिंग, सोलापुरी पद्धत

"काय करालास बे, गाणं सारखं तिथंच का वाजालंय, तबकडी घासली का?" खालच्या मजल्यावरचे मामा परवा जिन्यातनं ओरडले. तबकडी धड होती, मीच तीन सेकंदाचा तुकडा लूपवर टाकून पाऊण तास बसलो होतो. मामांना काय सांगणार, म्हटलं हो मामा, घासलीय.

तर हे त्या पाऊण तासाबद्दल. बरीच पोरं विचारतात की जुन्या गाण्याचा तुकडा उचलून (त्यालाच सॅम्पलिंग म्हणतात) हिप-हॉपचा बीट, म्हंजे रॅपखाली वाजतं ते, कसा काढायचा, आणि विचारतानाच त्यांच्या हातात एखाद्या हिट गाण्याचा मुखडा असतो. मी पण तेच केलं होतं, सगळ्यांना पाठ असलेली ओळ घेतली, खाली ८०८ चा (त्या नावाच्या ड्रम मशीनचा) बास ठोकला, वर चार ओळी रॅप, अपलोड, आणि रात्रीत क्लेम, म्हंजे गाण्याच्या मालकाचा हक्काचा दावा. क्लेमचं एवढं नाही ओ, खरी गोची अशी होती की लोकांनी माझा रॅप ऐकलाच नाही, ते मुखडाच गुणगुणत बसले. तेव्हा डोक्यात शिरलं की गाणारा माणूस जिथं गप्प बसतो तिथं आपलं काम आहे.

आणि हे माझं शहाणपण नाही, हिप-हॉपची सुरवातच तिथनं झालीय. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तिथं त्याचं लक्ष होतं नाचणाऱ्यांवर, की लोक पेटतात ते गाण्यात नाही, गाणं थांबून नुसते ड्रम वाजतात त्या तुकड्यात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेयरवर) लावून तेवढाच तुकडा लांबवायला लागला. विन्स्टन्स नावाच्या बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डमधला ग्रेगरी कोलमनचा ड्रमचा तुकडा जेमतेम सहा-सात सेकंदाचा आहे आणि तो इतक्या गाण्यांत वापरलाय की मोजायला बसू नको. त्या ड्रमरला त्यातून काही मिळालं नाही, हे पण लक्षात ठेव, खाली त्यावर येतोच.

आपल्या जुन्या मराठी गाण्यांत असा ड्रम ब्रेक, म्हंजे नुसत्या ड्रमचा तुकडा, शोधायला गेलास तर हात हलवत परत येशील. आपल्याकडं आहे ते मधलं म्युझिक. मुखडा संपला आणि अंतरा चालू व्हायच्या आधी व्हायोलिनं चढतात, बासरी एक वळण घेते, सतार तीन सुरात काहीतरी बोलून जाते, ते. किंवा लावणीच्या सुरवातीला ढोलकी एकटी उठते ते. अभंगात गायक तोंड उघडायच्या आधी पेटीवाला दोन सेकंद सूर धरतो ना, ते तर सोनं आहे, कुणी बघत पण नाही तिकडं.

माल कुठं मिळेल? सोलापूरच्या मंगळवार बाजारात भंगारवाल्यांकडं चक्कर मार, पण सकाळी लवकर, आणि रेकॉर्ड पाहिजे म्हणून विचारू नको, भाव वाढतो, हात फिरवत फिरवत 'ही काय ओ, तबकडी का' असं कर. त्याहून चांगला माल नातेवाईकांच्या माळ्यावर असतो. माझ्या आज्जीच्या ट्रंकेत चादरीखाली अकरा रेकॉर्ड निघाल्या, त्यातल्या चार ७८ च्या, म्हंजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. इथं एक गोष्ट घोकून ठेव, ७८ ची जाड, जड, ठिसूळ तबकडी लाखेची असते, तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलंस तर वरचा थरच विरघळतो. डिस्टिल्ड वॉटर, एखादा थेंब भांड्याचा साबण, मऊ कापड, गोल गोल खाचेच्या दिशेनं, बास. आणि तिची खाच रुंद असते, एलपीची (नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डची) सुई तिच्यात नुसती खाली जाऊन खरडते, ७८ ची वेगळी सुई लागते. नसेल तर ती तबकडी तशीच ठेव, वाजवायचा हट्ट नको.

रेकॉर्ड प्लेयरमधून सरळ लॅपटॉपला वायर लावलीस आणि आवाज चिरका आला, बास गायब, तर प्लेयर खराब नाही, मधे फोनो प्री-अँप नाहीये. रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त करून कापतात, प्री-अँप ते परत सरळ करतो. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नको, स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड घे. लेव्हल वरच्या लाल रेघेपासून सहा डेसिबल तरी खाली. आणि अख्खी बाजू रेकॉर्ड कर, फक्त आवडलेला तुकडा नको, कारण आज जो तुकडा बोर वाटतो तोच महिन्यानं उपयोगी पडतो. कॅसेट असेल तर आधी प्लेयरचं हेड साफ कर, इथं मात्र अल्कोहोल चालतं. हे सगळं नसेल तर? मोबाइलवर कोआला नावाचं सॅम्पलर अॅप किंवा बँडलॅब, झालं की. मी पहिलं वर्ष फोनवरच काढलं.

आता ऐकायचं. हातात चहा घेऊन नाही, मांडीवर ताल देत. कारण पहिला प्रश्न सुराचा नाही, मात्रांचा आहे. हिप-हॉप चारात चालतं. केरवा आठ मात्रांचा, भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळं हे दोन्ही चारात आरामात बसतात. दादरा सहा मात्रांचा, त्याचा तुकडा जसाच्या तसा लूप केलास तर तिसऱ्या फेरीला तुझा किक (ड्रमचा खालचा जड ठोका) एकीकडं आणि तबला दुसरीकडं, आणि तू बसशील विचार करत की सॉफ्टवेअर बिघडलं का. दादऱ्यातून सलग तुकडा न घेता सुटे सूर उचल, एक व्हायोलिनचा धक्का, एक घुंगराचा आवाज, आणि चारात तू स्वतः रच.

दुसरी भानगड म्हणजे लय. तेव्हा अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा, कानात क्लिक (तालाची टिकटिक) नाही काय नाही, त्यामुळं गाणं अंतऱ्याला थोडं पळतं आणि परत येताना बसतं. म्हणून अख्ख्या गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) काढायच्या फंदात पडू नको, जो तुकडा घेतलास तेवढ्याचाच काढ. साधं गणित आहे, ९० बीपीएमला एक ठोका ०.६७ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचा बार २.६७ सेकंदाचा. तुझा चार ठोक्यांचा तुकडा २.३१ सेकंदाचा भरला तर तो १०४ वर चाललाय. आता तुला बीट ९२ वर पाहिजे, तर दोन रस्ते. टाइम-स्ट्रेच केलं तर सूर तोच राहतो पण जास्त ताणलं की आवाज पाण्यातनं आल्यासारखा होतो. नुसता स्पीड कमी केला तर सूर पण उतरतो, १०४ चं ९२ केलं की साधारण दोन सेमीटोन खाली, म्हंजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या. मला दुसराच रस्ता आवडतो, बाईचा 'आ' जड होतो, व्हायोलिनं झोपेत असल्यासारखी वाजतात, आणि मूळ गाणं पटकन ओळखू येत नाही.

जुन्या बीटमधली ती खरखर पाहिजे असेल तर तिची गंमत ऐक. १९८७ ला आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या मशीनमधे सगळा मिळून दहा सेकंदाच्या आसपास आवाज मावायचा. मग पोरं ३३ ची एलपी ४५ वर पळवून सॅम्पल करायची, जागा वाचायची, आणि मशीनमधे परत खाली उतरवायची. ३३ ची ४५ केली की सूर पाच सेमीटोनच्या थोडा वर जातो, तो खाली आणताना आवाज जाडाभरडा व्हायचा. गरिबीतनं आलेला साउंड आहे तो. तू पण करू शकतोस, तुकडा पाच सेमीटोन वर नेऊन, सॅम्पल रेट आणि बिट-डेप्थ (आवाज किती बारकाईनं साठवतो ते) पाडून सेव्ह कर, मग परत पाच खाली.

कापताना तुकडा सूर चालू होतो बरोबर तिथं काप, आधीची शांतता ठेवलीस तर पॅड (तुकडा वाजवायचं बटण) दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि वाटतं आपलाच हात ढिला आहे. दोन्ही टोकांना पाच मिलिसेकंदाचा फेड दे (आवाज हळूच चढव, हळूच उतरव), टक टक जाते. एका मधल्या म्युझिकमधनं आठ-दहा तुकडे काढ, पॅडवर टाक आणि क्रमानं वाजवू नको. चौथा, पहिला, पहिला, सातवा. सलग लूप म्हंजे कुणीतरी शिजवलेलं ताटात वाढणं झालं. आणि सॅम्पलचा खालचा भाग, साधारण १५० हर्ट्झच्या खालचा, कापून टाक, नाहीतर जुन्या ढोलकीचा घुमारा आणि तुझा बास दोघं एकाच खुर्चीवर बसायला बघतात.

सुराचं एक राहिलं, आणि इथंच निम्मे बीट मरतात. तुझा की-बोर्ड काळी एक देतो, पांढरी दोन देतो, पण रेकॉर्डमधला सूर दोघांच्या मधे कुठंतरी लोंबकळत असतो. मोटरचा स्पीड, टेपचा स्पीड, त्या दिवशीची पेटी, कारणं छप्पन. सॅम्पलला ओढून सरळ करण्यापेक्षा तुझा बास सेंट-सेंटनं (सेंट म्हंजे सेमीटोनचा शंभरावा भाग) हलवून सॅम्पलला जुळव. म्हातारा माणूस खाली बसणार नाही, तूच वाक.

ड्रम मात्र विकतच्या किटमधले घेऊ नको रे बाबा, सोलापुरात राहून. हलगी आहे की आपल्याकडं. वाजवणाऱ्यांना सरळ विचार, दोन पैसे दे, आणि आगीवर शेकून कातडं ताणल्यावर लगेच रेकॉर्ड कर, तेव्हाचा कडकपणा गार झाल्यावर राहत नाही. जाड काडीचा एक, बारीक काडीचा एक, असे सुटे फटके घे. स्नेअर (ड्रमचा कडक फटका) झाला. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम फोनवर धरलंस तर हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) झाला. आणि शहराच्या पूर्व भागात माझ्या एका दोस्ताच्या घरी खाली पॉवरलूम आहेत, टॉवेलचे. धोटा (आडवं सूत नेणारा) या टोकाहून त्या टोकाला जातो, दोन्हीकडचा खट वेगवेगळा वाजतो, एक कोरडा, एक जरा जड. मी पहिल्यांदा मागाच्या शेजारी फोन धरला तर नुसता फाटलेला आवाज, काही कामाचा नाही. मग जिन्यात चार पायऱ्या वर बसून धरला, तेव्हा आला. ते दोन खट मी किकच्या मधे मधे टाकले आणि बीट चालायला लागला. दोस्ताची आई म्हणाली, दिवसभर हेच ऐकतो, आता गाण्यात पण का? तिचं पण खरं आहे.

एक माझं मत, पटलं तर घे. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत 'हर्र बोला हर्र'चा जो गजर उठतो तो रेकॉर्ड करून हूक (गाण्यात परत परत येणारा तुकडा) बनवायचा मोह मला पण झाला होता. नाही केला. तो लोकांनी देवासाठी दिलेला आवाज आहे, माझ्या दारूच्या ओळीखाली तो नको.

आता पैशाचं आणि कायद्याचं, कंटाळवाणं आहे पण वाच. 'सात सेकंदापर्यंत चालतं' असला नियम कुठल्याच कायद्यात नाही, ही अफवा आहे. प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा, बहुतेक कंपनीकडं, आणि एक चाल-शब्दांचा. सॅम्पल वापरायचं तर दोन्हीची परवानगी लागते. १९५७ च्या कायद्यानं आपल्याकडं रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्ष चालतो, म्हंजे १९६० ची तबकडी २०२० संपल्यावर मोकळी झाली. पण नुसती तबकडी! चाल आणि शब्द त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्ष बांधलेले असतात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला कुणी पन्नास वर्षापूर्वी लावलेली चाल सगळ्यांची नाही, यात भले भले फसतात.

मोठ्यांचं पण होतं बरं का. २००२ ला अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह' गाण्यात लताबाईंचं १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है' न विचारता वापरलं. संगीत बप्पी लाहिरींचं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि कोर्टानं सांगितलं की बप्पीदांचं नाव टाकल्याशिवाय सीडी विकायची नाही.

परवानगी आपल्यासारख्याला परवडत नाही, मग काय? तुकडा परत वाजवून घे. मग रेकॉर्डिंगचा हक्क मधे येत नाही, चालीचा तेवढा राहतो. त्याहून सोपं, त्या तुकड्याचा नुसता स्वभाव घे आणि आपल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना सांग की काका, अशा अंगाचं काहीतरी तुमचं वाजवा. चहा-भजी खर्च. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं, उतरवलं, खरखर लावली, आणि एकानं मला विचारलं की कुठली रेकॉर्ड आहे ही, मिळत नाहीये. गाण्याच्या खाली काकांचं नाव पहिलं टाकलंय.

रॅप लिहिताना चॉपच्या (कापलेल्या तुकड्यांच्या) मधली जागा भरू नको. सूर बोलला की तू गप्प, तो गप्प की तू. भाषा आपली मिसळीची ठेव, मराठीत अर्धं वाक्य, मधेच तेलुगू, शेवट दखनीत, सात रस्त्यावर उभं राहून जसं बोलतो तसं.

मिक्स झालं की हेडफोन काढ. आधी फोनच्या स्पीकरवर ऐक, मग ओळखीच्या रिक्षावाल्याला पकड, ज्याच्या मागच्या सीटखाली मोठे स्पीकर आहेत तो. पार्क चौकातनं विजापूर रोडला जाईपर्यंत लूपवर लाव. हॉर्न आणि इंजिनातनं पण ते तीन सेकंद ऐकू येत असतील तर ठीक, नसतील तर सॅम्पल दोन डेसिबल वर घे आणि परत तीच रिक्षा कर.