दोन सर्व्हर घेतले म्हणजे फेलओव्हर झालं असं नाही: या चुका टाळा

यवतमाळ-वाशीमकडच्या जिनिंगमध्ये, पतसंस्थांत, कॉलेजात सर्व्हर बसवायचं काम मी करतो. दोन्ही सर्व्हरनी मिळून वापरायचं लाखोंचं सामायिक स्टोरेज इथे कोणाला परवडत नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. दोन साधे सर्व्हर, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली), आत झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम), आणि एकावरच्या व्हीएमची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्यावर. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं, हाच फेलओव्हर. हा मार्ग चांगला आहे, मीही हाच वापरतो. पण बसवताना लोक त्याच त्या चुका करतात.

दोनच मतं ठेवणं

क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, प्रत्येक नोडला (सर्व्हरला) एक मत. दोन नोड असले तर बहुमत दोनचं. एक पडला की दुसरा धडधाकट असूनही ‘नो कोरम’ (बहुमत नाही) म्हणतो आणि व्हीएम सुरू करू देत नाही. मग कोणीतरी नेटवर शोधून ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड 1’ ही कमांड मारतं, म्हणजे एकच मत पुरेसं धरायला लावतं. काम चालू होतं, म्हणून ती सगळ्यांना आवडते. मला मात्र धडकी भरते.

कापसाच्या ऐन हंगामातली गोष्ट. जिनिंगचा एक सर्व्हर ऑफिसात, दुसरा गेटवरच्या केबिनमध्ये, मध्ये थेट केबल. रात्री उंदरांनी ती कुरतडली. सकाळी तिथल्या पोराने गेटवरून पॅनल उघडलं, तर ऑफिसच्या नोडवर लाल फुली. त्याने तो मेला असं धरलं, ती कमांड मारली, कॉन्फिग फाइल इकडे हलवली आणि वजनकाट्याचं व्हीएम रात्रीच्या प्रतीवरून सुरू केलं. ऑफिसचा नोड मात्र जिवंत होता, त्यावरचं व्हीएमही चालूच होतं. चाळीस पावलं चालत जाऊन बघितलं असतं तर दिसलं असतं.

दुपारपर्यंत गेटवरचा संगणक जवळच्या प्रतीत नोंदी करत राहिला आणि ऑफिसातला तिथल्या. घोळ कळला तो 1143 नंबरच्या दोन पावत्या काउंटरवर आल्या तेव्हा. एक ट्रॅक्टरवाल्याची, एक बैलगाडीवाल्याची, वजनं वेगळी. बाहेर गाड्यांची रांग, आणि चुकारा कोणाचा किती ते सांगता येईना. मी पोहोचल्यावर आधी दोन्ही व्हीएम बंद केली, दोन्हीकडची डिस्क वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवली आणि मगच केबलला हात लावला. ऑफिसची प्रत खरी धरली. गेटवरच्या पावत्यांच्या कार्बन प्रती मुनीमजींनी वाचल्या, मी एकेक भरली. रात्रीचे दोन वाजले. ज्याचा कापूस वर्षाचा आहे त्याला त्या पावतीसाठी ताटकळावं लागलं, हे मला अजून टोचतं.

धुऱ्याच्या भांडणात दोघंही आपलंच खरं म्हणतात, तिथे तिसरा माणूस लागतो. इथेही तेच. तिसरं मत म्हणून क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारं तिसरं यंत्र द्या. त्यासाठी महागडं काही नको. अडगळीतला जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्या, त्यावर डेबियन लिनक्स आणि मत देणारा ‘कोरोसिंक-क्यूनेटडी’ प्रोग्राम टाका, काही हजारांत काम होतं. हे यंत्र दोन्ही सर्व्हरपासून वेगळं असलं पाहिजे. काही जण ते त्याच क्लस्टरमधल्या व्हीएममध्ये टाकतात. तो नोड पडला की मतही त्याच्यासोबत जातं. शिवाय कोरोसिंकला (नोड ज्यातून एकमेकांशी बोलतात तो प्रोग्राम) दोन रस्ते द्या, एक थेट केबल आणि एक ऑफिसचं नेटवर्क. त्या जिनिंगमध्ये आता दोन्ही आहे, आणि केबल पाइपमधून नेली आहे.

रेप्लिकेशनला बॅकअप समजणं

प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं, मुळात दर 15 मिनिटांनी चालतं, मिनिटावर आणता येतं. म्हणजे नोड पडला तर शेवटच्या फेरीनंतरचं काम गेलं. कागदी पावती असलेल्या काट्याला हे चालतं, रोकड काउंटरला मी मिनिटावर ठेवतो. एकही नोंद गमवायची नसेल तर डीआरबीडी (लिहिलेलं त्याच क्षणी नेटवर्कवरून दुसऱ्या डिस्कवरही उतरवणारं सॉफ्टवेअर), प्रोटोकॉल सी. त्यात दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय लिहिणं पूर्ण धरत नाहीत. सेफचा (Ceph, अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) हट्ट दोन नोडवर करू नका, त्याला किमान तीन लागतात.

आणि चुकून पुसलेली फाइल किंवा रॅन्समवेअरने बिघडवलेला डेटाही पुढच्या फेरीत तिकडे इमानेइतबारे पोहोचतो. बॅकअप वेगळ्या यंत्रावर घ्या. मी आठवड्याला एक यूएसबी डिस्क काढून मालकाच्या घरी कपाटात ठेवायला लावतो.

प्लग न काढणं

बसवून झाल्यावर ‘सगळं हिरवं दिसतंय’ म्हणून निघून जाणारे मला समजत नाहीत. मी बिल देण्याआधी मालकाला सोबत उभं करतो आणि चालत्या सर्व्हरची वायर ओढतो. हाय अव्हेलेबिलिटी (नोड पडला की व्हीएम आपोआप दुसरीकडे सुरू करणारी सोय) नीट लागली असेल तर व्हीएम साधारण दोन-तीन मिनिटांत दुसरीकडे उठतं. नसेल तर तेव्हाच कळतं, पोळ्याच्या दिवशी नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी हे दरवर्षी करतो. घाईच्या पोरांना यात वेळ वाया जातो असं वाटतं, त्यांना मी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या बोर्डावर: थेट केबल नसेल तर लाइन गेली की नोड एकमेकांना दिसेनासे होतात आणि हाय अव्हेलेबिलिटी असेल तर थोड्या वेळात दोन्ही स्वतःला रीस्टार्ट करतात. झेडएफएसला एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) हार्डडिस्क लावू नका, डिस्क बदलताना दिवसचे दिवस जातात. पूल, म्हणजे झेडएफएसने डिस्क एकत्र करून केलेली जागा, 80 टक्क्यांपुढे भरू देऊ नका. एसएसडी घेताना वीज गेल्यावर हातातलं लिहून टाकणारी घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आणि यूपीएसची बॅटरी. तिचं आयुष्य 25 अंशांना धरलेलं असतं, वर दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 45 असतं आणि ऑफिस सुटलं की एसी बंद. म्हणून मी बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहितो आणि दर एप्रिलमध्ये लोड देऊन तपासतो. त्याच वेळी पंख्यात अडकलेली रुई ब्लोअरने काढतो.