आर्मी भरती: फॉर्म ते जॉइनिंगमधले लांबलेले महिने कसे काढावेत

फॉर्म भरला, लेखी झाली, ग्राउंडही निघालं, आणि आता दिवसातून चार वेळा साइट उघडून बघण्याखेरीज काम नाही. अशी पोरं आज साताऱ्यापासून नांदेडपर्यंत कुठल्याही गावात भेटतील. 'यादी लागू दे, मग बघू' या एका वाक्यावर कॉलेजची ॲडमिशन राहते, हाताला लागलेलं काम सुटतं, आणि बघता बघता वय निघून जातं. भरतीच्या तारखा सैन्य ठरवतं, त्यावर तुमचा इलाज नाही. पण तुमची जन्मतारीख तुम्हाला ठाऊक आहे. सगळा हिशेब तिच्यापासून सुरू करायचा.

हा लेख मुख्यतः आर्मीच्या अग्निवीर भरतीबद्दल, म्हणजे अग्निपथ योजनेतून होणाऱ्या शिपाई भरतीबद्दल आहे.

१. नेमकी कशाची वाट बघताय ते आधी लिहून काढा

२०२३ पासून क्रम असा आहे: ऑनलाइन नोंदणी, मग संगणकावरची सामाईक लेखी परीक्षा, त्यात पास झालेल्यांना रॅली म्हणजे ग्राउंड, कागदपत्र तपासणी आणि मेडिकल, आणि शेवटी मेरिट. प्रत्येक टप्प्यानंतरचं थांबणं वेगळं असतं.

लेखी आणि निकाल यांच्यातले आठवडे बऱ्यापैकी सरळ जातात. खरा वेळ खातात ते दोन टप्पे: निकालापासून रॅलीपर्यंत आणि मेडिकलपासून अंतिम यादीपर्यंत. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशी पाच भरती कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाची रॅली वेगळ्या वेळी होते. कोल्हापूरकडे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर गोवाही आहे. त्यामुळे नागपूरच्या मित्राची रॅली झाली आणि तुमची नाही, यावरून काहीही अर्थ काढू नका.

मागच्या वर्षीच्या तारखांवरही विसंबू नका. २०२४ ची लेखी २२ एप्रिलला सुरू झाली, २०२५ ची ३० जूनला. दोन महिन्यांचा फरक पडला. गेल्या वर्षीचा तक्ता भिंतीवर चिकटवून बसलेल्याला हे दोन महिने उगीचच जड जातात.

२. जन्मतारखेवरून तुमची शेवटची तारीख काढा

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती. कोविडमुळे भरती बंद राहिली म्हणून फक्त त्या वर्षापुरती ती तेवीस केली. जाहिरातीत वयाचा आकडा असतोच, पण त्याच्याशेजारी 'या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले' असंही दिलेलं असतं. तुमच्या वर्षीच्या जाहिरातीतली ती ओळ वाचा. मग वहीत दोन गोष्टी लिहा: अजून किती भरत्यांना बसता येईल, आणि शेवटची कुठली.

सवलत मिळेल या आशेवर हा हिशेब करू नका. कोविडच्या काळात ज्यांचं ग्राउंड आणि मेडिकल निघालं होतं आणि फक्त लेखी राहिली होती, त्या मुलांची सगळी प्रक्रिया अग्निपथ आल्यावर रद्द झाली. ती मुलं कोर्टात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये याचिका फेटाळल्या. अर्ध्या प्रक्रियेतून गेल्याने नोकरीचा हक्क तयार होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मला स्वतःला हे त्या पोरांच्या बाबतीत फार कठोर वाटलं, अजूनही वाटतं. पण तुमचं नियोजन या वस्तुस्थितीवरच व्हायला हवं.

३. सोबत दुसरा फॉर्म भराच

यात मनाने हार मानल्यासारखं काही नाही. तयारी बरीचशी तीच लागते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत आर्मीसारखंच १६०० मीटर धावणं असतं, फक्त त्यासोबत १०० मीटर आणि गोळाफेक येते. पात्रता बारावी, आणि खुल्या गटालाही अठ्ठावीसपर्यंत वय चालतं. एसएससी जीडीतून (कर्मचारी निवड आयोगाची 'जनरल ड्यूटी' शिपाई भरती) बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांत जाता येतं, त्याला दहावी पुरते, पण मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत काढावे लागतात.

उंची मात्र आधी मोजून घ्या. महाराष्ट्रातल्या मुलांना अग्निवीर जीडीला, म्हणजे आर्मीतल्या 'जनरल ड्यूटी' शिपायाच्या पदाला, १६८ सेंटिमीटर लागते, पोलिसांत १६५, आणि एसएससी जीडीला सर्वसाधारणपणे १७०. म्हणजे १६६ उंचीचा मुलगा आर्मी जीडीसाठी वर्षानुवर्षं पळत राहिला तरी उपयोग नाही, पोलीस भरतीत मात्र तो बसतो. अकॅडमीवाले ही मोजणी फी घ्यायच्या आधी करत नाहीत. तुम्ही घरी भिंतीला टेकून, अनवाणी, सकाळच्या वेळी करा.

शिक्षण थांबवायचं काही कारण नाही. नेहमीचं कॉलेज जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आयटीआय आहे.

४. शरीर तयार ठेवा, पण रोज रॅलीसारखं पळू नका

थांबण्याच्या काळात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सुरुवातीला रोज पहाटे डांबरी रस्त्यावर जीव तोडून १६०० मीटर, तेही झिजलेल्या बुटांत. महिन्याभरात नडगीचं हाड ठणकायला लागतं, पोरगा स्प्रे मारून पळत राहतो, आणि नेमकी रॅलीची तारीख येते तेव्हा लंगडत असतो. नाहीतर याच्या उलट: तारीख नाही म्हणून पळणं सुटतं, आणि ॲडमिट कार्ड आल्यावर पंधरा दिवसांत सगळं भरून काढायची घाई.

आकडे समोर ठेवा. ५ मिनिटं ३० सेकंदांत १.६ किलोमीटर काढलं तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. चारशे मीटरच्या मैदानावर चार राउंड होतात, म्हणजे एका राउंडला साधारण ८२ सेकंद. बहुतेक जण पहिला राउंड सत्तरच्या आत मारतात आणि तिसऱ्यात बसतात.

आठवड्यातून चार दिवस पळणं पुरे. एक दिवस संथ पाच-सहा किलोमीटर, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. एक दिवस चारशे मीटरचे पाच-सहा राउंड, प्रत्येक ८०-८५ सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. बाकी दोन दिवस हलकं. घड्याळ लावून पूर्ण १६०० पंधरा दिवसांतून एकदाच. शक्यतो माती किंवा गवतावर पळा. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

बीम (पुल-अप्स) मात्र जवळजवळ रोज चालतात. दहा बीमला ४० गुण, सहाला १६. सहावरून दहावर जायला महिने लागतात, आणि थांबण्याच्या काळात तुमच्याकडे महिनेच असतात. एका दमात जास्तीत जास्त मारण्यापेक्षा दिवसभरात तीन-तीनचे सेट करा, प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ करून. झोका घेऊन मारलेला बीम रॅलीत मोजत नाहीत.

पळण्याआधी 'ताकदीचं' म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळी देत असेल तर सरळ नाही म्हणा. पकडलं गेलं तर उमेदवारी तिथेच संपते. शरीराची वाट लागते ती वेगळीच.

५. मेडिकल आधीच बघून घ्या

ग्राउंड निघूनही मेडिकलला बाद होणारे खूप असतात, आणि त्यातल्या काही गोष्टी वेळेत उपचार घेतले तर सुटणाऱ्या असतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कान, दात, डोळे, नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा आणि सपाट तळवे तपासून घ्या. कानातला मळ साफ करून घेणं दहा मिनिटांचं काम, त्यावरूनही रॅलीत अडतं. ऑपरेशन लागणार असेल तर ते आत्ताच करा, जखम भरायला वेळ लागतो. रंगांधळेपणा निघाला तर त्यावर उपाय नाही, मग ते जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

टॅटूचंही बघा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि पंजाच्या पाठीवर चालतो, इतरत्र नाही. खांद्यावर मिलिटरीचा टॅटू काढून भरतीला गेलेली पोरं घरी परत येतात.

रॅलीत 'अनफिट' लिहून दिलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. बऱ्याच तक्रारींसाठी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये फेरतपासणीची संधी मिळते. चिठ्ठीवरची तारीख आणि हॉस्पिटलचं नाव तिथेच उभं राहून वाचा, आणि ती तारीख चुकवू नका.

६. कागदपत्रं: काही आत्ता, काही शेवटी

आधी दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, अक्षर न् अक्षर जुळवा. एकीकडे 'बाळासाहेब' आणि दुसरीकडे 'बाळासो' असेल तर आधार केंद्रावर आत्ताच जा. अधिवास दाखला आणि जातीचा दाखलाही आत्ता काढून ठेवा. आर्मीच्या शिपाई भरतीत जातीवर आरक्षण नाही, पण पोलीस भरतीत आहे, आणि ओबीसीसारख्या गटांना नॉन-क्रिमीलेअर लागतं. त्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते, हे ध्यानात असू द्या.

उलट चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला घाईने काढू नका. ते रॅलीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आतले मागतात. फोटोही तीन महिन्यांच्या आतले, आणि बरेच लागतात, वीसेक प्रती.

आणखी एक. फॉर्म सेवा केंद्रावरून भरला असेल तर त्यात ईमेल कोणाचा टाकलाय ते बघा. अनेकदा तो केंद्रचालकाचाच असतो, आणि ॲडमिट कार्डाची सूचना त्याच्या मेलमध्ये पडून राहते. लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या वहीत हवा. भरती संपेपर्यंत सिम बदलू नका.

७. साइट आठवड्यातून दोनदा, दलाल कधीच नाही

सोमवार आणि गुरुवार ठरवा. 'जॉइन इंडियन आर्मी'ची अधिकृत साइट उघडा, आपल्या लॉगिनमध्ये बघा, बंद करा. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'फायनल कटऑफ'ची पीडीएफ आणि यूट्यूबवरची 'उद्या निकाल'वाली थंबनेल बघून फक्त झोप उडते.

मेडिकल आणि मेरिटच्या मधल्या काळात दलाल फोन करतात. 'साहेबांशी बोलणं झालंय, नाव लागेल, नाही लागलं तर पैसे परत.' यात त्यांचं काहीच जात नाही: दहा जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातले जे स्वतःच्या गुणांवर लागतील त्यांचे ठेवायचे. शिवाय धोका फक्त पैशांचा नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेपर फुटल्यामुळे आर्मीची जीडीची लेखी देशभर रद्द झाली, पुणे पोलिसांनी अटका केल्या, आणि अभ्यास करून बसलेल्यांचंही थांबणं वाढलं.

८. घर, पैसा आणि 'काय झालं रे भरतीचं?'

घरच्यांना एकदा बसवून वहीतला हिशेब दाखवा: अजून इतक्या भरत्या, ही शेवटची तारीख, तोपर्यंत मी हे काम करतो. रोजच्या टोमण्यांपैकी निम्मे त्या दिवशी थांबतात. काम असं धरा की पहाट मोकळी राहील. दुकान, दूध संकलन, संध्याकाळची डिलिव्हरी, काहीही. अकॅडमीच्या फीसाठी सोनं गहाण टाकू नका. चांगलं मैदान, भर्तीला जाऊन आलेला एखादा मोठा भाऊ आणि जुन्या प्रश्नपत्रिका यावर बरंच भागतं. लेखी २०२५ पासून मराठीतही देता येते.

मिलिटरी पोलिसांत अग्निवीर म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलींचं थांबणं आणखी अवघड. उमेदवार अविवाहित हवी, आणि इकडे घरात स्थळं येत असतात. 'एक वर्ष थांबा' असं मोघम सांगितलं तर कोणी थांबत नाही. त्याऐवजी जाहिरातीतली ती जन्मतारखांची ओळ दाखवा आणि 'ही भरती होईपर्यंत' असं सांगा. आई-वडिलांशी बोलायला गावातली पोलीस झालेली एखादी ताई मिळाली तर सोबत न्या, तिचं ऐकतात.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मनात जीवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास.

९. यादीत नाव आल्यावर

नाव लागलं की गावात बॅनर लागतो, पेढे वाटले जातात आणि पळणं थांबतं. पण यादी आणि ट्रेनिंग सेंटरला रवाना होणं यातही काही आठवडे जातात. या दिवसांत कबड्डीच्या स्पर्धा, रात्रीच्या मोटारसायकलवरच्या ट्रिपा आणि कुठलीही भांडणं टाळा. मोडलेला हात किंवा पोलिसांत नोंदलेला गुन्हा घेऊन भरती कार्यालयात उभं राहायची वेळ आली तर ती जागा हातातून जाऊ शकते. मूळ कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावा, बँक खातं आणि पॅन तपासा, बोलावलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच भरती कार्यालयाच्या शहरात पोहोचा. आणि पोलीस भरतीचा फॉर्म भरला असेल तर तो सेंटरला हजर होईपर्यंत मागे घेऊ नका.